सातपुड्याचे घाट आणि सायकल : वाचकांचे प्रश्न

पावसाची पहिली झड बसली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या आणि पाणीटंचाई विचारणारे नागपूरकर जुलै लागताच घाट, जंगल आणि धबधबे विचारू लागतात. यंदा त्यांत सायकलने जाऊ इच्छिणारे बरेच आहेत, म्हणून त्यांची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. प्रश्नाला धक्का न लावता ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र रोज सकाळी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स असा वीस-पंचवीस किलोमीटरचा फेरा मारतो. ऑगस्टमध्ये जोडून आलेल्या सुट्यांत सायकलने धबधब्यांच्या मुलखात जायचे ठरते आहे. दोघांचे मत चिखलदऱ्याला, तर दोघांचे पचमढीला आहे. आपण काय सुचवाल? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ऑगस्टमध्ये चिखलदरा आणि दसऱ्यानंतर पचमढी, असे आमचे मत आहे, आणि त्यामागचे पहिले कारण दोन्हीकडच्या खडकात आहे. चिखलदरा ज्या गाविलगडच्या डोंगरांवर वसले आहे ते डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बसाल्टचे आहेत. हा खडक तुलनेने कमी पाणी मुरू देतो, त्यामुळे पाऊस चालू असेपर्यंत भीमकुंडाकडचे कडे आणि घाटातले ओहोळ भरभरून कोसळतात आणि पावसाने पंधरवडाभर दडी मारली की बारीक होतात. पचमढीचे पठार मात्र वालुकाश्माचे आहे. तो खडक पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पुढे कित्येक महिने हळूहळू सोडतो, म्हणून तिथल्या बी फॉलला पावसाळा सरल्यावरही चांगली धार असते. जे पाणी दिवाळीच्या सुमारासही पाहायला मिळते त्यासाठी भर पावसात अडीचशे किलोमीटर भिजत जाण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण आपल्याच मंडळींचे आहे. श्रावणात नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारच्या यात्रेसाठी विदर्भातून हजारो भाविक पचमढीला जातात. त्या दिवसांत पचमढीच्या घाटात जीप, बस आणि मोटारसायकली यांची अखंड रांग असते, आणि धुक्यात, ओल्या वळणावर त्या रांगेतून सायकल चढवणे हा सुखाचा प्रकार नव्हे.

आता चिखलदऱ्याचा बेत. नागपूर ते अमरावती हे दीडशे किलोमीटरचे अंतर महामार्गाचे आहे. त्यात पाहण्यासारखे थोडे आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेले पाणी फार. हा टप्पा रेल्वेने करावा, त्यात कमीपणा नाही. सायकल स्टेशनवरच्या पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवता येते आणि ती ब्रेक व्हॅनमधून जाते. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास पोहोचावे, पॅडल व आरसे काढून ठेवावेत आणि हँडलला नाव व स्टेशन लिहिलेली चिठ्ठी घट्ट बांधावी. बडनेऱ्यासारख्या मोठ्या स्टेशनवर उतरणे सोयीचे पडते, कारण जिथे गाडी दोनच मिनिटे थांबते तिथे सायकल उतरवून घेण्यासाठी पळापळ होते. अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि रस्ता जवळजवळ सपाट आहे. मुक्काम परतवाड्यालाच करावा.

परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते आहेत. धामणगाव गढीवरून जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरचा असून घटांगवरून जाणारा त्याहून लांब आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने धामणगाव गढीचा रस्ता धरावा. परतवाडा-अचलपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची ३७० मीटरच्या आसपास आणि चिखलदऱ्याची सुमारे १,११८ मीटर, म्हणजे साडेसातशे मीटर चढायचे आहेत, आणि त्यांतले बहुतेक गढी मागे पडल्यावर येतात. रोज नियमाने सायकल चालवणारा माणूस गिअरच्या सायकलवर तासाला तीनशे मीटर उंची चढू शकतो. याचा अर्थ नुसत्या चढाला अडीच तास. पायथ्यापर्यंतचा रस्ता, चहा, फोटो आणि दम खाण्यासाठीचे थांबे धरले तर चार तास हाताशी असावेत.

सायकलच्या प्रवासाची आखणी किलोमीटरवर करण्याची आपल्याला सवय असते. घाटात ती सवय सोडून चढ आणि उजेड ही दोन मापे धरावीत. ऑगस्टच्या मध्यावर आपल्याकडे सहाच्या थोडे आधी सूर्य उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. ढग दाटले असतील तर जंगलात सहालाच अंधारून येते. मेळघाटात, म्हणजे चिखलदऱ्याभोवतीच्या जंगलात, अंधारात सायकल चालवायची नाही, हा नियम एकदा मान्य केला की मुक्काम कुठे करायचा, किती वाजता निघायचे आणि कुठून परत फिरायचे हे सगळे प्रश्न आपोआप सुटतात. जोडून सुट्या आल्या म्हणजे शनिवार-रविवारी मोटारींची गर्दी होणारच, आणि ती साधारण नऊ-साडेनऊनंतर घाटात शिरते. परतवाड्याहून उजाडताच निघालात तर तुमचा बराचसा चढ त्याआधी संपलेला असेल. वर पोहोचल्यावर ओले कपडे लगेच बदला. घामाने भिजलेल्या अंगावर पठारावरचा वारा आणि धुके चांगलेच झोंबते. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे हे ठिकाण आहे, तेव्हा चहाऐवजी तीच मागून पाहा.

पचमढीचा बेत आखाल तेव्हा तीन दिवस जायला धरा. पहिल्या दिवशी सावनेर, सौंसर, मग सिलेवानीचा घाट चढून छिंदवाडा. हे सव्वाशे किलोमीटरच्या घरात जाते आणि घाट दुपारी वाट्याला येतो, म्हणून निघायचे पहाटे. सौंसरपर्यंत संत्र्याच्या बागा आणि मराठी बोली आपली सोबत करतात. दुसऱ्या दिवशी परासियावरून तामिया. हा टप्पा अंतराने छोटा आहे, पण तामिया हजार मीटरच्या वर आहे, आणि तिथून पाताळकोटकडच्या दऱ्या पाहण्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवलीच पाहिजे. या दऱ्यांत गोंड आणि भारिया समाजाची गावे आहेत. ती पाहण्याची वस्तू नव्हेत, एवढे भान राहू द्यावे. तिसऱ्या दिवशी देनवा नदीच्या खोऱ्यात मटकुलीपर्यंत उतरायचे आणि पुन्हा पचमढीचा घाट चढायचा. कमावलेली उंची अशी उधळावी लागते याचा पुष्कळांना राग येतो, तरी त्या रस्त्याला दुसरा इलाज नाही. परतीला छिंदवाड्याहून इतवारीची रेल्वे आहे. जुनी नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.

प्रश्न : माझ्याकडे बिनगिअरची साधी काळी सायकल आहे. कारखान्यात मी तिच्यावरच जातो, रोजचे तीस किलोमीटर होतात. मित्र म्हणतात, घाटासाठी तीस-चाळीस हजारांची सायकल घ्यावी लागेल. खरे आहे का? — एक कामगार वाचक, हिंगणा

उत्तर : सायकल इतकी महाग असण्याची गरज नाही, गिअरची गरज मात्र खरी आहे. हिशेब सोपा आहे. साध्या सायकलच्या साखळीच्या पुढच्या दातेरी चाकाला ४४ आणि मागच्याला १८ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर ताशी एकोणीस किलोमीटरचा वेग होतो, आणि उभ्या चढावर हा वेग टिकवणे भल्याभल्यांना जमत नाही. फेऱ्या कमी केल्या की सगळा भार गुडघ्यावर येतो. पुढे २८ आणि मागे ३२ दातांचा गिअर असेल तर एका फेरीत १.९ मीटर जाता येते, म्हणजे त्याच साठ फेऱ्यांत ताशी पावणेसात किलोमीटर. चालण्यापेक्षा थोडा जास्त, पण तासन्‌तास टिकणारा असा हा वेग आहे. म्हणून दुकानात गेल्यावर एकूण गिअर २१ आहेत की २४ हे विचारू नका. पुढचे सर्वांत लहान दातेरी चाक किती दातांचे आणि मागचे सर्वांत मोठे किती दातांचे, एवढेच विचारा. मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा असेल तर ती सायकल घाटाची. अशा जुन्या सायकली चांगल्या स्थितीत पुष्कळ स्वस्तात मिळतात, कारण हौसेने घेऊन गॅलरीत उभ्या करणाऱ्यांची नागपुरात कमी नाही.

दरम्यान आपल्या काळ्या सायकलवर रामटेक अवश्य करा. मनसरपर्यंतच्या महामार्गावर कडेच्या पट्ट्यातून चालवा, खिंडसीच्या तलावाला वळसा घाला आणि गडाच्या चढावर सायकल हातात धरून चला. आपल्या आजोबांच्या पिढीने सगळे घाट असेच पार केले आहेत. रोज तीस किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला दमाची चिंता नको. त्या बाबतीत आपण अनेक महागड्या सायकलींच्या मालकांपेक्षा पुढे आहात.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या क्लबची मुले-मुली सप्टेंबरमध्ये मेळघाटातून सायकलने जाणार आहेत, सोबत दोन मोठी माणसे आहेत. घरात सर्वांना वाघाची भीती वाटते. पाठवावे का? — एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, पाठवायला हरकत नाही, मात्र त्या दोन मोठ्या माणसांना आधी तीन गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट रस्त्याची. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हापासूनचा राखीव मुलूख आहे. त्याच्या गाभा क्षेत्रातल्या कच्च्या वाटांवर पायी किंवा सायकलने फिरता येत नाही. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा जो सार्वजनिक रस्ता जातो तेवढाच आपला, आणि त्यावरही रस्ता सोडून ओढ्याकडे किंवा झाडीत उतरायचे नाही. 'आम्हाला आतला एक शॉर्टकट माहीत आहे' असे कोणी म्हणत असेल तर तिथेच नाही म्हणा.

दुसरी गोष्ट वेळेची. वाघ माणसांच्या आवाजापासून बहुधा दूर राहतो. अस्वलाचे तसे नाही. त्याची नजर अधू असते, ते आपल्याच नादात वारुळे उकरत असते, आणि ओढ्याच्या खळखळाटात माणूस जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. अशा वेळी दचकलेले अस्वल अंगावर येते. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांवर होणारे हल्ले याच तऱ्हेचे असतात. म्हणून उजाडल्यानंतर तासाभराने निघावे, दिवस मावळण्याच्या तासभर आधी मुक्कामी असावे, आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवावी आणि गट विखरू देऊ नये. रानगवा रस्त्यात उभा असेल तर थांबून राहावे. तो गेल्यावर निघावे, त्याला हाकलू नये. अभयारण्यांतून जाणाऱ्या काही रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीला बंदी असते, ती नाक्यावर विचारून घ्यावी.

तिसरी गोष्ट मोटारींची, आणि खरी काळजी हिचीच करायची. घाटात सायकलस्वाराला वाघापेक्षा वळणावर ओव्हरटेक करणारी मोटार जास्त धोक्याची असते. सर्वांच्या अंगात भडक रंगाचे जाकीट, मागे लुकलुकणारा लाल दिवा दिवसाही चालू, डोक्यावर हेल्मेट आणि एकामागे एक अशी रांग, एवढे पाळले जाणार असेल तर मुलीला जाऊ द्या. सेमाडोहला सिपना नदी सप्टेंबरात सुरेख असते. फोन सगळीकडे लागेल असे धरू नका; रोज कुठून आणि किती वाजता फोन येईल ते निघण्याआधीच ठरवून ठेवले म्हणजे जिवाला घोर लागत नाही.

प्रश्न : मी गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) वेळेत पूर्ण केली. नागपूर-पचमढी एका दमात करावे असा विचार आहे. — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : अभिनंदन, पण हा विचार सोडा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि ३०० ला वीस तासांची. पचमढी अडीचशेच्या आसपास असली तरी वाटेत सिलेवानी, तामिया आणि शेवटी पचमढीचा घाट आहे, तेव्हा वेळ ३०० चा लागेल असेच धरा. डिसेंबरात उजेड अकरा तासांचाही नसतो. पहाटे तीनला निघालात तरी शेवटचा घाट अंधारात आणि सर्वांत जास्त थकलेल्या पायांनी येईल, आणि तो घाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला आहे. एका दमाची हौस असेल तर ती सपाट रस्त्यावर भागवावी.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. निवृत्त शिक्षक आहे, रोज तासभर सायकल चालवतो. गुडघे थोडे कुरकुरतात. घाट न चढता सायकलने एखादा धबधबा पाहता येईल काय? — एक ज्येष्ठ वाचक, रामदासपेठ

उत्तर : गुरुजी, गोंदिया जिल्ह्यातला हाजरा फॉल खास आपल्यासाठी आहे. सालेकसा तालुक्यात मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर दरेकसा नावाचे छोटे स्टेशन आहे आणि धबधबा त्याच्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. सायकल रेल्वेने गोंदियापर्यंत न्यावी, तिथे रात्रीचा मुक्काम करून सकाळी भाताच्या बांध्यांमधून सालेकसामार्गे दरेकसाकडे निघावे. रोवणी आटोपल्यानंतरच्या दिवसांत या रस्त्याला जो हिरवा रंग चढतो तो पाहण्यासाठी तरी वाटेत दोन-चारदा थांबाच. शेवटी थोडे चढउतार आहेत, घाट म्हणावा असे काही नाही. त्याच भागात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. गुहेपर्यंत पायी चढावे लागते, तेव्हा गुडघ्यांना विचारून ठरवा.

गुडघ्यांबद्दल एक सांगतो. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी सीट फार खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की त्यांना सुरक्षित वाटते. त्यामुळे प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्या. चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढाच वाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय चार दिवसांत होते. तरीही दुखले तर मात्र आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या, आमचा नको.

प्रश्न : सोबत काय न्यावे? मला सांगितलेल्या यादीचे वजन अठरा किलो भरते आहे. — एक विद्यार्थी, महाल

उत्तर : यादी अर्धी करा. पासष्ट किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल आणि दहा किलो सामान असे नव्वद किलो साडेसातशे मीटर वर न्यायला शरीराचे सुमारे साडेसहाशे ते सातशे किलोकॅलरी खर्च होतात; त्यात पाच किलो कमी केले तर अडीच तासांच्या चढात आठ-नऊ मिनिटे वाचतात. आठ-नऊ मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण ती शेवटच्या वळणावरची असतात. सामान पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी सारखे बांधा, आणि प्रत्येक वस्तू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. 'वॉटरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगांवर विदर्भातल्या पावसात विश्वास ठेवू नये.

जे कमी करायचे नाही ते पंक्चरचे सामान. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर करतो, म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून काटा शोधा. दोन ट्यूब, ठिगळे, टायर लिव्हर आणि छोटा पंप हवाच. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्हही आधी पाहून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर खेड्यातला पंक्चरवाला सहज हवा भरून देईल. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पंप बसणार नाही, त्यासाठी वीस-तीस रुपयांचा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. खाण्याची चिंता नको. शेंगदाणे, गूळ आणि केळी एवढे जवळ असले की पुढच्या गावापर्यंत निभावते. भूक लागण्याची वाट न पाहता तासातासाला दोन घास खात राहावे. तर्री-पोह्यांचा मोह घाट उतरल्यावर पुरवावा, चढण्याआधी नाही.

प्रश्न : पावसात घाट उतरताना ब्रेक लागत नाहीत असा अनुभव आला. शिवाय वाटेत रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत होते. अशा वेळी काय करावे? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर : रिमला रबर घासून थांबणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नुसते पाणी पुसतात, पकड त्यानंतर येते. म्हणून वळण दिसण्याच्या बरेच आधी ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्यायची आणि वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात ब्रेक दाबला तर चाक घसरते. दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा-सोडा असे करा. पावसात रस्त्यावरची बारीक रेती रबरात रुतून त्याची कानस होते आणि एका लांब घाटात नवे रबरही निम्मे झिजू शकते, तेव्हा माथ्यावर थांबून रबराच्या खाचा दिसताहेत ना ते पाहावे व एक जोडी सोबत ठेवावी. डिस्क ब्रेक असेल तर पावसाचा त्रास कमी होतो, पण त्याचेही पॅड झिजतातच. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, शेणाचा चिखल आणि सागाची ओली पाने यांवर ब्रेक लावूच नये.

रपट्याबद्दल उत्तर एकच आहे. पाणी रपट्यावरून वाहत असेल तर थांबायचे. घोट्याएवढ्या पाण्यालाही ओढ असते, खाली शेवाळ असते, आणि सायकलचे चाक त्या ओढीला आडवे सापडते. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. धबधब्याखालच्या डोहात उतरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, आणि पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्यातून काटक्या-पाने वाहत येऊ लागली की क्षणभरही न रेंगाळता बाहेर यावे. डोंगरातले ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत ओसरतात. तेवढा वेळ आखणीतच मोकळा ठेवलेला असावा, आणि तरीही पाणी उतरले नाही तर मागच्या गावात मुक्काम करावा. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत विचारले तर बहुतेक ठिकाणी पाठ टेकायला जागा मिळते.